गणपतीच्या मिरवणुकीत डीप पर्पल! तुम्ही ऐकलेली अजब कव्हर्स सांगा

खाडीकाठचा

यंदा गौरी-गणपतीच्या विसर्जनाला गावी होतो. वाडीतले गणपती डोक्यावरून पुळणीकडे निघाले. पुढे टेम्पोत बेंजो, मागे ढोल-ताशे आणि पोरं, त्यांच्यामागे रात्रभर फुगड्या घालून दमलेल्या बायका. मी गडग्यावर बसून मोबाइलवर शूटिंग करत होतो. बेंजोवाल्याने एक कोळीगीत संपवलं, दुसरं धरायच्या आधी मधल्या जागेत चार सूर टाकले, आणि मी गडग्यावरून खाली उडीच मारली.

सा ग म, सा ग म म, सा ग म, ग सा.

गांधार कोमल, आणि दुसऱ्या तुकड्यातला पहिला मध्यम तीव्र. ज्याने आयुष्यात एकदा तरी मित्राची गिटार मांडीवर घेतली आहे त्याला पुढचं सांगायला नको. इंग्लंडच्या रॉक बँडचं, डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर'! तेही बेंजोवर, जवळजवळ दुप्पट लयीत, खाली ढोलाचा आपला नेहमीचा ठेका. पोरं थांबली नाहीत, उलट चेकाळली. चार फेऱ्या झाल्या आणि बेंजो सरळ पुढच्या कोळीगीतावर गेला.

आरती, विसर्जन, प्रसाद सगळं उरकल्यावर वादकाला गाठलं. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, एरवी बंदरावर बर्फ फोडायच्या कामाला. विचारलं, ती मधली धून कुठली? म्हणाला, "लालबागच्या एका पार्टीवाल्यान वाजवलेली, ती उचललंय." नाव? "नाव कित्याक व्हया?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोत अमेरिकन रॉकवाल्या फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी आगीचा बाण सोडला आणि कॅसिनो जळून गेला. डीप पर्पलची मंडळी तिथेच रेकॉर्डिंग करायला आली होती. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला आणि त्याचं गाणं केलं, ते १९७२ च्या 'मशीन हेड'मध्ये आलं. आमच्या पुळणीवरही त्या वेळी फटाक्यांचा धूर भरतीच्या पाण्यावर बसला होता. पोराला यातलं काही माहीत नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं झकास वाजलं असं माझं मत झालंय.

तर धागा यासाठी. जुन्या रॉक गाण्यांची तुम्ही ऐकलेली चमत्कारिक, कुणाला फारशी माहीत नसलेली कव्हर्स (म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने आपल्या ढंगात केलेलं) सांगा. अट एकच, जॉनी कॅशचं 'हर्ट' आणि हेंड्रिक्सचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' नको. दोन्ही थोर आहेत, पण ती आता चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीसारखी झालीत, ज्याच्या घरी जाल त्याच्याकडे तीच.

सुरुवात माझ्याकडून. हेच 'स्मोक ऑन द वॉटर' चा-चा-चा नाचाच्या तालावर ऐका. सेन्योर कोकोनट, २००३, 'फिएस्टा साँग्ज'. नावावरून कुणी नारळवाला लॅटिन बँडमास्तर वाटेल. प्रत्यक्षात हा उवे श्मिट, चिलीत जाऊन राहिलेला जर्मन माणूस. त्याआधी २००० मध्ये त्याने क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची यंत्रासारखी गाणी अशीच कमरेत लचकवली होती.

रापण

पयलो मीच!

माका तुमच्या त्या पर्पलातला काय कळणा नाय. पण बेंजोवाल्याक चहा पाजलंस काय?

खाडीकाठचा

@रापण, चहा आणि दोन वडे. हिशेब हवा का?

परळ_ते_परुळे

काय आठवण काढलीत! वडील परळला नोकरीला, आम्ही मे महिना आणि गणपती एवढ्यापुरते गावचे. कॉलेजात असताना काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये तासन् तास उभं राहून ऐकायचो, विकत घ्यायचो क्वचित. (२०१६ मध्ये ते बंद झालं तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं.)

माझं नाव: आनंद शंकर. उदय शंकरांचा मुलगा, रविशंकरांचा पुतण्या. १९७० मध्ये त्याची स्वतःच्याच नावाची तबकडी आली. तिच्यात रोलिंग स्टोन्सचं 'जंपिंग जॅक फ्लॅश' आणि डोअर्सचं 'लाइट माय फायर', दोन्ही सतारीवर, सोबत तबला आणि त्या वेळी नवा असलेला मूग सिंथेसायझर. गंमत बघा, स्टोन्सनी १९६६ मध्ये 'पेंट इट ब्लॅक'मध्ये ब्रायन जोन्सच्या हातात सतार दिली होती. म्हणजे उसनी नेलेली पायली चार वर्षांत मापाने परत आली, वर थोडं शिगेला.

जॅक फ्लॅश गिटारवर ऐकताना मला कायम कुणीतरी दाराला लाथा मारतंय असं वाटतं. सतारीवर तीच धून आली की गिटारच्या धक्क्याच्या जागी मींड येते. दार वाजतच नाही, आपसूक उघडतं. कॅसेट करून परुळ्याला नेली होती. आजी ओटीवर फणसाचे गरे काढत होती. पूर्ण ऐकून म्हणाली, "सतार बरी लागली हा, पण पाठसून भांडी कोण घासता?"

मूगवर याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

सुरमयी

आजीला दंडवत!!

एक शंका, अवांतर आहे. दोन्ही मध्यम लागोपाठ म्हणजे डीप पर्पलने ललत गायला की काय?

बुवांचा_नातू

@सुरमयी, ललतात गांधार शुद्ध असतो. इथे कोमल आहे, त्यामुळे ललत नाही. हा त्यांचा ब्लूज. पण आजोबांना ऐकवलं तर ते त्यातून काहीतरी बांधतील यात शंका नाही.

मूळ_प्रत

धागा करमणुकीचा आहे हे कळतंय, तरी बोलतोच. या असल्या कव्हर्सना दोन वेळा ऐकण्याची लायकी नसते. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा कंटाळा. ड्रेड झेपलिन घ्या. लेड झेपलिनची गाणी रेगेत (जमैकाच्या ठेक्यात), आणि गाणारा एल्व्हिसच्या वेषात. १९९० ची तबकडी आहे. कल्पना ऐकूनच विनोद कळला, आता गाणं ऐकायचं कशाला? पॅट बूनने १९९७ मध्ये वयाच्या साठीनंतर चामड्याचं जाकीट चढवून हेवी मेटलची गाणी बिग बँडवर म्हटली, त्यात तुमचं 'स्मोक ऑन द वॉटर'पण आहे. ती मेहनतीने केलेली आहेत, मान्य. पण मेहनत नाटकातल्या राक्षसाच्या मुखवट्यावरही असते.

बेंजोवरचा तुकडा ऐकून तुम्हाला आनंद झाला तो ओळखीचा आनंद. परक्या गावात आपल्या गावची एसटी दिसल्यासारखा. ते संगीत चांगलं होतं असं त्यावरून ठरत नाही.

खाडीकाठचा

@मूळ_प्रत, एसटीची उपमा आवडली, आणि निम्मी पटली. ड्रेड झेपलिनबद्दल भांडणार नाही. पण तुम्ही दिलेल्या दोन्ही उदाहरणांत वाजवणाऱ्याचं लक्ष मूळ गाण्याकडे आहे. "बघा, आम्ही त्याचं काय केलं!" मी म्हणतोय ते वेगळं. ज्याला मूळ गाण्याचा धाकच नाही तो काय करतो?

बुवांचा_नातू

धाक हा शब्द बरोबर पकडलात. आमच्या घरात तीन पिढ्या भजन. डबलबारी ज्यांनी पाहिली नाही त्यांना कसं सांगू? समोरासमोर दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, मागे झांजांचा ताफा, आणि पहाटेपर्यंत शब्दांची आणि चालींची मारामारी. गजर घेताना बुवा काल-परवाच्या सिनेमाची चाल बिनदिक्कत उचलतात. पब्लिकला चाल ओळखू येते, तिथेच पहिली दाद पडते. पण नुसती चाल उचलून भागत नाही. ती तुमच्या पखवाजावर बसली पाहिजे, देवाचं नाव समेवर आलं पाहिजे, आणि शेवटी लय चढवताना मूळ गाण्याची हाडं मोडली तरी हरकत नाही. "चोरली" असं म्हणत कुणी उठून गेल्याचं मी पाहिलेलं नाही. "बसली नाही" म्हणून उठून गेलेले पाहिलेत.

आता तुमच्या विषयावर येतो. जमैकाच्या टूट्स अँड द मेटल्सनी जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स' रेगेत केलं (ते रॉक नाही, धागाकर्त्याने माफ करावं) आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या जागी वेस्ट जमैका घातलं. गावाचं नाव बदललं आणि गाणं त्यांच्या गावचं झालं. आमचे बुवा हेच करतात, पंढरपूरच्या अभंगात मध्येच गावच्या रवळनाथाला हाक मारतात.

आणि हिंदी सिनेमाने हे १९६५ मध्येच केलं होतं. 'जानवर'मधलं 'देखो अब तो' ऐका, संगीत शंकर-जयकिशन. बीटल्सचं 'आय वाँट टू होल्ड युवर हँड' सरळ शम्मी कपूरसमोर उभं केलंय.

तिठ्यावरचा

+१

वाखुसा (वाचनखूण साठवली). रविवारी सगळं ऐकणार.

कातळसडा

बेंजोवरून आठवलं. ज्याला आपण बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकन बँजोशी नावापलीकडे काही संबंध नाही. तो पखवाजासारखा कातडं ताणलेला आणि लांब मानेचा. आपला म्हणजे लाकडी पेटी, तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं, पुस्तकातलं नाव बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा, ताइशोगोतो. १९१२ मध्ये नागोया शहरात तयार झाला. त्याच वर्षी ताइशो सम्राटांची कारकीर्द सुरू झाली, म्हणून ते नाव. आपल्याकडच्या कारागिरांनी त्याला पिकअप (तारेचा आवाज विजेने टिपणारा भाग) बसवला, अँप्लिफायरला जोडला आणि टेम्पोत चढवला.

म्हणजे इंग्रजांचं गाणं, स्विस तळं, जपानी वाद्य, लालबागचा उस्ताद, आणि वाजलं कोकणातल्या पुळणीवर. मूळ_प्रत, यातली मूळ प्रत कुठली ते सांगा बघू! (हलके घ्या.)

मूळ_प्रत

घेतलं. :) पिकअपचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. तारेवर विजेचा पिकअप लावून आवाज फाटेपर्यंत चढवला की बेंजो आणि रॉकची गिटार चुलत भावंडंच. त्यामुळे तो तुकडा तिथे शोभला असेल, हे मान्य.

सुरमयी

माझं कव्हर ऐकून हसू येणार नाही याची खात्री देते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात लँगली नावाचा ग्रामीण भाग आहे. १९७६-७७ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळांत हान्स फेंगर नावाचे संगीत शिक्षक होते. त्यांनी बालगीतं बाजूला ठेवली आणि मुलांना बीच बॉइज, बोवी, ईगल्स शिकवलं. शाळेच्या व्यायामशाळेत साध्या टेपवर ध्वनिमुद्रण केलं आणि घरच्यांपुरत्या थोड्या तबकड्या काढल्या. पुढे जवळपास पंचवीस वर्षं कुणाला पत्ता नाही. २००१ मध्ये कुणाच्या तरी हाती लागून त्याची सीडी निघाली.

बोवीचं 'स्पेस ऑडिटी' त्यात आहे. अवकाशात एकटा भरकटलेला माणूस, आणि गाणारी साठेक मुलं, व्यायामशाळेच्या भिंतींवरून घुमणारा आवाज. सूर इकडेतिकडे, झांज कधीही पडते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे पावसाळ्यात पत्र्याखाली परिपाठ घेतला की प्रार्थनेचा आवाज असाच येतो, अर्धा मुलांचा, अर्धा पत्र्याचा. त्याच तबकडीत एक नऊ वर्षांची मुलगी ईगल्सचं 'डेस्पराडो' एकटी गाते. त्या गाण्याचा अर्थ तिला कळणं शक्य नाही. मला तो पहिल्यांदा तिच्यामुळे कळला.

बोवीलाही ते ध्वनिमुद्रण फार आवडलं होतं.

खाडीकाठचा

आत्ता ऐकलं. दोनदा. @मूळ_प्रत, दुसऱ्यांदा कंटाळा आला नाही.

परळ_ते_परुळे

भराभर नावं टाकतो, ज्याला जे मिळेल ते ऐका. जिप्सी किंग्जचं स्पॅनिशमधलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' (१९९०). रशीद ताहाने २००४ मध्ये द क्लॅशचं 'रॉक द कस्बा' अरबीत गायलं. मूळ गाणं अरबांविषयी इंग्रजांनी लिहिलेलं, आणि हा अल्जीरियात जन्मलेला माणूस ते घरी घेऊन आला. पुढच्या वर्षी क्लॅशचा मिक जोन्स स्वतः त्याच्यासोबत वाजवायला उभा राहिला. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकाने १९९६ मध्ये चार चेलोंवर मेटालिका वाजवली. आणि लेनिनग्राड काउबॉइज, हेही फिनलंडचेच, डोक्यावर हातभर लांब चोचीसारखे केस. १९९३ मध्ये हेलसिंकीच्या चौकात त्यांनी रशियन लाल सेनेचं गायकपथक शेजारी उभं करून 'स्वीट होम अलाबामा' म्हटलं. सोव्हिएत संघ मोडून दोन वर्षंही झाली नव्हती. गणवेशातले धिप्पाड सैनिक अलाबामाचे गोडवे गाताना बघून मला आमच्या गावच्या दशावतारातला संकासुर आठवला, हसवतो आणि जरा भीतीही घालतो.

वाशिष्ठी

बरेच दिवस नुसतं वाचते इथे, आज लिहिते.

लेड झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' १९७१ चं. पण ते गाणं त्यांचं नाही. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, नदीकाठचे बांध फुटले, त्यावर १९२९ मध्ये कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने ते केलं. दोन गिटार आणि एक आवाज, तक्रारही हळू आवाजातली. झेपलिनने त्याचा पूरच केला. जुन्या हवेलीच्या जिन्याखाली ड्रम मांडले आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले, म्हणून तो आवाज आडातून आल्यासारखा येतो.

तिसरं कव्हर कुणी ऐकलंय का? यात-खा, सायबेरियातल्या तुवा प्रांतातला बँड. अल्बर्ट कुवेझिन गातो, २००५, 'री-कव्हर्स'. तिकडे घशातून एकाच वेळी दोन-दोन सूर काढायची रीत आहे. याचा आवाज म्हणजे खर्जाच्याही खाली, जात्यात दगड गेल्यासारखा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला आमच्या घरात पाणी शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, म्हणून वाचलो. रात्रभर खालून आवाज येत होते. कपाट भिंतीवर आपटतंय, सिलिंडर तरंगत जिन्याला धडकतोय, आणि या सगळ्याच्या खाली पाण्याचा स्वतःचा एक आवाज, ज्याला सूर म्हणवत नाही. नंतर कित्येक महिने मला झेपलिनचं ते गाणं ऐकवलं नाही. ते फार देखणं वाटायचं. मिनीचं ऐकवायचं, कारण त्यात घर गेलेल्या माणसाचा हिशेब आहे. आणि कुवेझिनचं ऐकलं तेव्हा दचकले. तो माणसाच्या बाजूने गातच नाही, पाण्याच्या बाजूने गातो.

सुरमयी

@वाशिष्ठी, काय लिहू कळत नाही. लिहीत राहा.

मूळ_प्रत

तिन्ही ओळीने ऐकली. दुसऱ्यांदा ऐकण्याबद्दल जे म्हणालो ते मागे घेतो. निदान या एका बाबतीत.

बुवांचा_नातू

आजोबांना कुवेझिन ऐकवला. म्हणाले, "ह्याका सर्दी झाली आसा की साधना, ता आदी विचार." मग पुन्हा लावायला सांगितला.

खाडीकाठचा

धागा भलत्याच उंचीवर गेला, आता मी खाली आणतो. एक कबुली द्यायची आहे.

लेड झेपलिनचा विषय निघाला म्हणून सांगतो, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्वतःचीच दोन गाणी, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', पुन्हा वाजवून घेतली. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. स्वतःच्याच गाण्याचं कव्हर, तेही मुंबईच्या वादकांकडून. ते वाचून माझ्या डोक्यात किडा शिरला. आपल्या बेंजोवाल्याला झेपलिनचं 'कश्मीर' द्यायचं! त्यात गिटार तीन-तीनच्या हिशेबात फिरते आणि ढोल चारात चालतो. वर दादऱ्याची चाल, खाली केरव्याची, तीन आणि चाराची गाठ बाराव्या मात्रेनंतर. म्हटलं, हे पुळणीवर काय वाजेल!

त्याला बंदरावर गाठलं. 'कश्मीर' ऐकून त्याने मान हलवली, "ढोलवाले माका मारतीत," म्हणाला. ठीक. पण मी गप्प बसायला हवं होतं. निघताना त्याला 'स्मोक ऑन द वॉटर' मूळचं पाठवलं. माँत्रो, आग, तळं, डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर, सगळं रंगवून सांगितलं. पोराचे डोळे मोठे झाले. म्हणाला, "म्हंजे मी चुकीचा वाजवतय?" मी म्हटलं, नाही रे बाबा. पण ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं नसावं.

काल दसऱ्याच्या देवीची मिरवणूक. तीच जागा, तोच टेम्पो. त्याने तो तुकडा धरला. मूळ लयीत. एकेक सूर तोलून, मधल्या जागा अगदी तेवढ्याच सोडून. सूर न् सूर बरोबर. ढोलवाल्यांनी दोन फेऱ्या वाट बघितली, मग ताशेवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. पोरं उभी राहिली, एकाने तेवढ्यात पाण्याची बाटली उघडली. पोरगा माझ्याकडे बघून हसला, शाबासकीसाठी. मी अंगठा वर केला. दुसरं काय करणार होतो?

कातळसडा

अरेरे.

मूळ_प्रत

बाजू माझी होती, तरी वाईट वाटलं.

रापण

मेल्या, चांगल्या पोराक शाळेत घातलंस!

तेका इचार, पयल्यासारखा वाजवशीत काय म्हणून.

खाडीकाठचा

विचारलं आज सकाळी. म्हणाला, "मूळ बरा आसा. पण तेच्यार नाचूक येणा नाय." मी म्हटलं, मग सोड ते, तुझं जुनं वाजव. तर म्हणे जुनं आता हाताला येत नाही, बोटं आपोआप थांबतात.

रापण

मोबाइलातसून डिलीट करूक सांग.

खाडीकाठचा

डिलीट काय करणार, त्याने ती रिंगटोन लावली आहे.